ध्वनिनमुने व संगणकीय तालरचना

वाद्यावरील सुटा आघात, तालाचे एखादे आवर्तन किंवा गाण्यातील लहानसा तुकडा ध्वनिमुद्रित करून ठेवावयाचा आणि पुढे तो यंत्राच्या वा संगणकाच्या साहाय्याने कापून, जोडून, लांबवून वा पुनःपुन्हा वाजवून त्यातून नवी तालरचना सिद्ध करावयाची, या पद्धतीस ध्वनिनमुना-पद्धती म्हणता येईल. अशा एका तुकड्यास ध्वनिनमुना (व्यवहारातील शब्द ‘सॅम्पल’) व विक्रीसाठी एकत्र केलेल्या शेकडो तुकड्यांच्या संग्रहास नमुनासंच (‘सॅम्पल पॅक’) असे म्हणतात. तयार होणाऱ्या तालपटाला ‘बीट’ आणि तो रचणाऱ्याला ‘प्रोड्यूसर’ ही नावे रूढ आहेत. रॅप, हाउस इ. महानगरी संगीतप्रकारांचा हा पाया असला, तरी हे तंत्र आता महानगरांपुरते राहिलेले नाही. जालना जिल्ह्यातील अंबडसारख्या तालुक्याच्या गावीही लग्नाच्या वरातीत आणि उत्सवाच्या मिरवणुकीत वाजणारा ताल बहुधा याच रीतीने घडलेला असतो. म्हणून या तंत्राचा सामान्य इतिहास सांगून झाल्यावर प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील हलगी व संबळ या वाद्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

या पद्धतीचा उगम संगणकापूर्वीचा आहे. फ्रेंच नभोवाणीवरील अभियंता प्येअर शेफेर (१९१०–९५) याने १९४८ मध्ये आगगाडीच्या आवाजांच्या ध्वनिमुद्रणांपासून एक संगीतरचना तयार केली. ध्वनितबकडीवरील खाच पुढे न सरकता स्वतःशीच मिळेल अशी कोरली, की तोच आवाज अखंड पुनरावृत्त होतो, ही युक्ती त्याने वापरली. आजच्या आवर्ती तुकड्याचे, म्हणजे ‘लूप’चे, हे आद्य रूप होय. पुढे ध्वनिफीत आली व कात्री आणि चिकटपट्टी यांनी ध्वनी कापणे-जोडणे शक्य झाले. परंतु हे काम प्रयोगशाळेतील मोजक्या लोकांच्या हाती राहिले.

खरे परिवर्तन १९८० च्या सुमारास घडले. अमेरिकेतील रॉजर लिन याने त्या वर्षी ‘एलएम-१’ हे तालयंत्र बाजारात आणले. खऱ्या ड्रमवरील आघातांचे अंकीय ध्वनिमुद्रण त्यात साठविलेले होते; किंमत मात्र सुमारे ५,००० डॉलर होती. त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीने ‘टीआर-८०८’ काढले. त्यात ध्वनिमुद्रण मुळीच नव्हते. विद्युत् मंडलांतून आघातासारखे आवाज निर्माण केले जात. खऱ्या ड्रमशी साम्य नाही म्हणून ते त्या काळी अनेकांना नापसंत ठरले व १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. नंतर जुन्या मालाच्या दुकानांतून स्वस्तात मिळू लागल्यामुळे ते होतकरू संगीतकारांच्या हाती गेले, आणि त्याचा घुमणारा खर्ज आज जगातील बहुतेक नमुनासंचांत आढळतो. वाद्याचे भवितव्य त्याच्या गुणावर अवलंबून असते तितकेच त्याच्या किमतीवरही असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१९८७ मधील ‘एसपी-१२००’ या यंत्रात वापरणाऱ्याला स्वतः ध्वनिमुद्रण करता येई. पण सर्व नमुने मिळून साठवण केवळ १० सेकंदांची होती. ही अडचण टाळण्यासाठी न्यूयॉर्कचे तरुण ३३ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून मुद्रित करीत आणि नंतर यंत्रात तिचा वेग उतरवीत. त्यामुळे आवाजात एक खरखरीत दाटपणा येई. हा दोष पुढे शैलीचे लक्षण मानला गेला, इतका की तो मुद्दाम निर्माण करणाऱ्या आज्ञावल्या आज विकल्या जातात. लिनच्या सहकार्याने १९८८ मध्ये निघालेल्या आकाई कंपनीच्या ‘एमपीसी-६०’ या यंत्राने चार ओळींत चार याप्रमाणे १६ चौकोनी गाद्यांची मांडणी रूढ केली.

तालयंत्रात काळाची विभागणी समान घरांत केलेली असते. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची व तिचा चतुर्थांश १२५ मिलिसेकंदांचा होतो. चार मात्रांचे असे १६ भाग म्हणजे पडद्यावर दिसणारी १६ घरे. वादकाने किंचित मागेपुढे वाजविलेला आघात यंत्र जवळच्या घरात ओढून बसविते. त्यातून येणारा यांत्रिकपणा कमी करण्यासाठी लिनने ‘स्विंग’ची योजना केली. तीत दोन-दोन घरांच्या जोडीतील दुसरा आघात उशिरा पाडला जातो. प्रमाण ५० टक्के असेल तर दोन्ही भाग सारखे. सुमारे ६६ टक्के असेल तर २५० मिलिसेकंदांची जोडी साधारण १६७ व ८३ अशी विभागली जाते आणि चतुरश्र चालीला तिस्र जातीचा झोल येतो.

दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांतून घेतलेल्या तुकड्यांचा इतिहास मात्र सुखद नाही. ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी वाद्यवृंदाच्या १९६९ मधील ‘आमेन, ब्रदर’ या रचनेत ग्रेगरी कोलमन या वादकाने चार आवर्तनांचा ड्रमचा तुकडा वाजविला होता. जेमतेम सहा-सात सेकंदांचा तो तुकडा पुढे हजारो गीतांत वापरला गेला. इंग्लंडमधील ‘जंगल’ हा संगीतप्रकार तर बव्हंशी त्यावरच उभा राहिला. कोलमनला त्यातून काहीही मिळाले नाही. २००६ मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याला राहते घरही नव्हते. अमेरिकी न्यायालयाने १९९१ मध्ये एका प्रकरणात परवानगीवाचून घेतलेला तुकडा म्हणजे सरळ चोरी होय असे ठरविल्यानंतर जुन्या गीतांतील तुकडे वापरणे खर्चिक झाले. मुद्दाम वाजवून घेतलेल्या व एकदा विकत घेतल्यावर पुन्हा मानधन द्यावे न लागणाऱ्या नमुनासंचांना बाजारपेठ मिळाली, त्याचे एक कारण हे होय. आरंभी असे संच ध्वनितबकड्यांवर विकले जात. बेल्जियममधील ‘फ्रूटीलूप्स’ (१९९७, २००३ पासून ‘एफएल स्टुडिओ’) आणि बर्लिनमधील ‘एबलटन लाइव्ह’ (२००१) या आज्ञावल्यांनी तालयंत्र, मुद्रणयंत्र व मिश्रणफलक ही तिन्ही साधने एका घरगुती संगणकात आणली. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्प्लाइस’सारख्या कंपन्यांमुळे संचाऐवजी एकेक आघात वर्गणीवर घेता येऊ लागला.

भारतात या यंत्रांचे पहिले लक्षणीय काम मुंबईत झाले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचे टीआर-८०८, टीबी-३०३ व ज्युपिटर-८ ही यंत्रे घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. एचएमव्हीने ती प्रसिद्ध केली. पण ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोत उदयास आलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या प्रकाराशी तिचे साम्य पाहून युरोपीय जाणकार चकित झाले. तिला त्या प्रकाराची जननी म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. शिकागोतील संगीतकारांना ती ठाऊक असल्याचा पुरावा नाही. एकाच यंत्राच्या मर्यादेतून दोन ठिकाणी सारखे फळ निघाले, एवढेच त्यावरून दिसते.

उलट दिशेनेही देवघेव झाली. लता मंगेशकर यांनी बप्पी लाहिरी यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली गायिलेल्या ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील गीताचा भाग २००२ मध्ये ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गीतात विनापरवाना वापरला गेला. प्रकरण लॉस अँजेल्सच्या न्यायालयात गेले आणि लाहिरी यांचे नाव छापल्याशिवाय त्या गीतसंग्रहाची विक्री करू नये, असा आदेश २००३ मध्ये झाला. येथे गायिका व संगीतकार विख्यात होते व पाठीशी ध्वनिमुद्रण कंपनी उभी होती, हे ध्यानात ठेवावयास हवे.

महाराष्ट्राच्या लोकजीवनात नमुन्यांचा प्रवेश संगणकाच्या आधी ऑक्टापॅडच्या रूपाने झाला. रोलँडच्या १९८५ मधील पहिल्या ऑक्टापॅडला स्वतःचा आवाज नव्हता. पुढच्या आवृत्त्यांत नमुने अंतर्भूत झाले आणि आठ रबरी गाद्यांवर काठ्यांनी ढोलकी, ताशा, घुंगरू वाजविता येऊ लागले. वाद्यवृंदांनी आणि बेंजो पथकांनी हे वाद्य तत्परतेने स्वीकारले. येथे अजून माणूस वाजवीत होता. यंत्राने फक्त कातडे बदलले होते. ‘डीजे’च्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांबरोबर वादकही दृष्टीआड झाला.

अंबड हे मत्स्योदरी देवीच्या क्षेत्रासाठी प्रसिद्ध आहे. माशाच्या आकाराच्या टेकडीवरील या देवस्थानी आश्विनातील नवरात्रात मोठी यात्रा भरते. देवीच्या गोंधळात संबळ हे मुख्य तालवाद्य. एक उंच व एक खर्ज अशा दोन चर्मवाद्यांची ही जोडी गोंधळी कमरेला बांधून काठ्यांनी वाजवितात. हलगी हे कड्यावर कातडे ताणलेले, एका हातात जाड काठी व दुसऱ्या हातात बारीक लवचीक काडी घेऊन वाजवावयाचे वाद्य. वाजविण्यापूर्वी ते विस्तवावर शेकून चढवितात. गावगाड्यात हलगी वाजविणे हे महार-मांगांवर लादलेले जातीचे काम होते. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ते स्वाभिमानाने सोडले. अन्यत्र, विशेषतः मातंग समाजात, ते टिकले. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात ही हलगी तिच्या सर्व सामाजिक ओझ्यासह दिसते.

अशा वाद्याचा नमुनासंच करताना वादकाला ध्वनिरोधक खोलीत बसवून प्रत्येक बोल हलक्या, मध्यम व जोरकस अशा अनेक पायऱ्यांनी वाजवून घेतात. तोच आघात लागोपाठ वाजला तर कानाला बनावट वाटतो. म्हणून प्रत्येक पायरीचे चार-सहा पाठ मुद्रित करून आज्ञावलीकडून ते आळीपाळीने वाजवितात. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला हा ध्वनी सुरुवातीची शांतता छाटून, नाव देऊन साठविला जातो. आवर्तनांच्या नावात लयही नोंदवितात, म्हणजे ती ताणून किंवा आक्रसून दुसऱ्या लयीत बसविता येतात.

पद्धत कितीही काटेकोर असली, तरी काही गोष्टी निसटतात. संबळाच्या किंवा ढोलकीच्या खर्ज बाजूवर दाब बदलून काढलेली घसरती आस ही एका आघाताची नसते. ती मागच्या आणि पुढच्या बोलांना जोडणारी असते. सुटे बोल कापले की ती तुटते. दुसरे म्हणजे १६ घरांची जाळी. धुमाळीसारखे आठ मात्रांचे ठेके तिच्यात सहज बसतात, परंतु सहाच्या अंगाने जाणारी चाल बसविण्यासाठी घरांची संख्या १२ किंवा २४ करावी लागते. आज्ञावलीत तशी सोय असते. पण नवशिका आयती १६ घरेच वापरतो आणि सहाची चाल आठात कोंबतो. मिरवणुकीतील पुष्कळशा रचना एकसारख्या वाटतात, त्याचे एक कारण येथे आहे. तिसरी गोष्ट शेकलेल्या कातड्याची. वाजविता वाजविता ते उतरत जाते व वादक त्याप्रमाणे हात बदलतो. नमुना नेहमी एकाच तापमानाचा असतो.

तथापि या तंत्राने लोकवाद्ये मारली, असा सरसकट निष्कर्ष काढणे न्याय्य नाही. खर्चिक स्टुडिओ, वितरक आणि कंपनी यांच्या दाराशी न जाता एखाद्या लहान गावातील मुलाला आपली रचना जगापुढे ठेवता येते, हा लाभ लहान नाही. मुंबईतील ‘स्वदेशी’ या रॅप गटाने २०१९ मधील ‘द वारली रिव्होल्ट’ या गीतात आरे येथील प्रकाश भोईर यांचा आवाज त्यांच्या नावासह आणला. क्रेटेक्स व श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ (२०२४) या मराठी हाउस रचनेला नेदरलँड्समधील ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ने प्रकाशित केले.

प्रश्न उरतो तो ज्याच्या हाताचा आघात विकला जातो त्या वादकाचा. ‘रॉयल्टी-मुक्त’ हा शब्द खरेदीदाराच्या बाजूचा आहे. वादकाच्या बाजूने पाहता त्याचा अर्थ एका दिवसाची मजुरी, एवढाच होऊ शकतो. भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याचा नैतिक हक्क अधिक स्पष्ट झाला. प्रत्यक्ष सादर केलेला कोणताही श्राव्य आविष्कार ‘प्रयोग’ या संज्ञेत येतो. व्याख्येत लांबीची अट नाही, त्यामुळे संबळाचे एक आवर्तन तीत बसू शकते. कर्ता म्हणून आपले नाव लावले जावे, हा हक्कही कलावंतास आहे. मात्र वापराच्या स्वरूपामुळेच नाव गाळणे भाग पडत असेल, तर त्याला अपवाद आहे. दोन सेकंदांच्या आघातासाठी गीताच्या श्रेयनामावलीत नाव घालणे अवघड, हा युक्तिवाद एक वेळ मान्य करता येईल. संचाच्या बाबतीत तो टिकत नाही. शेकडो फाइलींना नावे देणाऱ्याला वादकाचे आणि गावाचे नाव लिहिण्यास जागा पुरत नाही, असे म्हणता येणार नाही.

या संदर्भात लोकसंगीताच्या अभिलेखागारांची प्रथा पाहण्याजोगी आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे लोकसंगीतविषयक अभिलेख व संशोधन केंद्र १९८२ मध्ये पुण्यात स्थापन झाले व पुढे दिल्लीकडे गेले. अशा अभिलेखागारांत ध्वनिफितीबरोबर वादकाचे नाव, स्थळ, दिनांक, वाद्य व प्रसंग यांची नोंद ठेवतात आणि ध्वनिमुद्रणाच्या वापरासाठी कोणत्या अटींवर संमती मिळाली हेही पाहतात. तेथे अंबडच्या यात्रेतील संबळ हा अमुक गोंधळ्याने अमुक दिवशी वाजविलेला संबळ असतो. नमुनासंचांत तोच संबळ बहुधा ‘भारतीय तालवाद्ये’ अशा शीर्षकाच्या कप्प्यात, लय व क्रमांक एवढ्याच खुणांनिशी सापडतो.