गावाकाठचा छोटा विमानतळ

वाचकहो, विमानतळ म्हटला की सांताक्रूझसारखी गजबज आपल्या डोळ्यांसमोर येते. पण अमेरिकेत शेकडो विमानतळ असे आहेत, की तिथे एकही प्रवासी तिकीट काढून बसत नाही. चार माणसांची पंख्याची विमाने, शिकाऊ वैमानिक, हौशी मंडळी, एवढाच तिथला राबता. त्यांतले पुष्कळसे काउंटीच्या मालकीचे असतात. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा ना! अशाच एका विमानतळाची हकिगत आज सांगायची आहे.

कॅलिफोर्नियात सँता क्लारा नावाचे खोरे आहे. एके काळी तिथे जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या मैलोगणती बागा होत्या. सॅन होजे शहराच्या पूर्वेला, या बागांच्या शेजारी, रीड नावाच्या दोघा भावांनी 1939 साली एक धावपट्टी सुरू केली. तिचेच नाव पुढे रीड-हिलव्ह्यू असे रूढ झाले. 1961 साली काउंटीने हा विमानतळ विकत घेतला.

पुढे काय झाले? बागा तुटल्या, घरे उठली. शाळा आल्या, बाजार आले. मेक्सिकोतून, व्हिएतनाममधून आलेली कष्टकरी कुटुंबे तिथे राहू लागली. धावपट्टी जिथल्या तिथे राहिली. गावच तिला येऊन भिडले.

आता जरा इंधनाकडे वळू. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटले, तर इंजिन ठोके देते. शिशाचे एक संयुग मिसळले की ते ठोके थांबतात, असा शोध अमेरिकेत 1921 साली लागला आणि जगभर शिसेयुक्त पेट्रोल पसरले. गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा, की हे शिसपेन्सिलीतले शिसे नव्हे. ते तर ग्रॅफाइट. हे शिसे म्हणजे मासेमारीच्या जाळ्याला बांधतात तो जड धातू. तो पोटात वा श्वासात गेला, की वाढत्या मुलांच्या मेंदूला अपाय करतो. अमुक इतके शिसे निर्धोक, असे प्रमाण कुणाला सापडलेले नाही.

म्हणून अमेरिकेने 1996 साली रस्त्यावरच्या वाहनांसाठी असे पेट्रोल बंद केले. आपल्याकडे ते 2000 साली गेले. अल्जीरियात 2021 साली ते थांबले आणि मोटारींपुरता जगातला हा अध्याय संपला. छोट्या विमानांना मात्र सूट राहिली. त्यांतल्या काही जोरदार इंजिनांना शिशावाचून चालत नाही, हे कारण.

रीड-हिलव्ह्यूभोवतीच्या आयाबाया विचारू लागल्या, 'आमच्या पोरांचे काय?' तेव्हा काउंटीने अभ्यास करवला. 2011 ते 2020 या काळातले मुलांच्या रक्ताचे सुमारे 17,000 नमुने तपासले गेले. ऑगस्ट 2021 मध्ये निष्कर्ष आला: विमानतळापासून अर्ध्या मैलाच्या आतल्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक, ज्या बाजूला वारा वाहतो तिथे आणखी अधिक. काउंटीच्या पाच निवडून आलेल्या सभासदांच्या मंडळाने लगेच निर्णय घेतला. 1 जानेवारी 2022 पासून तिथे शिसेयुक्त इंधनाची विक्री थांबली.

वैमानिकांचेही म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, चुकीचे इंधन भरले तर विमान हवेत बंद पडेल. शिवाय 1989 च्या भूकंपात वॉटसनविल गावाकडचे रस्ते तुटले, तेव्हा छोटी विमानेच मदतीला धावली होती. केंद्रीय विमानखात्यानेही काउंटीच्या निर्णयाला हरकत घेतली. काउंटीने पूर्वी केंद्राचे अनुदान घेतलेले. त्याच्या अटींमुळे विमानतळ 2031 पर्यंत चालू ठेवणे भाग. अनुदान घेताना मागे कोणती दोरी येते, हे आपल्या ग्रामपंचायतींना वेगळे सांगायला नको!

पण ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्राच्याच पर्यावरण खात्याने मान्य केले, की या विमानांच्या धुरातले शिसे लोकांच्या आरोग्याला धोक्याचे आहे. बिनशिशाचे इंधन सर्व इंजिनांना पुरवण्याची खटपटही चालू आहे.

'धावपट्टी आधीची, घरे मागून आली,' असे कुणी म्हणेल. खरेच आहे ते. पण विहीर आधीची म्हणून तिचे पाणी तपासायचे नाही, असे आपण म्हणतो का? तुमच्या गावाकाठी भट्टी असेल, कारखाना असेल, खाण असेल. आधी कोण आले, हा वाद बाजूला ठेवा. वारा कुठे वाहतो, आणि तिकडे शाळा आहे का, एवढे एकदा पाहून या.