आत्मवृत्ताचा थांबा आणि वाचकाचा आरोप

पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता शिरवळजवळ नीरा ओलांडतो आणि सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. पुढे खंबाटकीचा घाट उतरला की कृष्णेचे खोरे लागते. या खोऱ्याशी मराठीतील दोन राजकीय आत्मवृत्ते निगडित आहेत. पहिले, वाईलगतच्या मेणवलीस ज्यांचा वाडा आजही उभा आहे त्या बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांचे त्रोटक आत्मवृत्त. दुसरे, देवराष्ट्रे येथे जन्मून कराडात वाढलेल्या यशवंतराव चव्हाण यांचे १९८४ मध्ये पुण्यात प्रकाशित झालेले ‘कृष्णाकाठ’. दोहोंतील आशय, भाषा आणि काळ यांत फार मोठे अंतर आहे. तरीही एका बाबतीत ती विलक्षण सारखी आहेत. ज्या कर्तृत्वामुळे लेखकाचे नाव इतिहासात राहिले, ते सुरू होण्यापूर्वीच दोन्ही कथने थांबतात. नानांचे आत्मवृत्त पानिपतानंतर दक्षिणेत परतण्यापाशी संपते, तर ‘कृष्णाकाठ’ १९४६ च्या निवडणुकीनंतर मुंबईच्या सत्तावर्तुळात पडलेल्या पहिल्या पावलापाशी.

या दोन ग्रंथांविषयी वाचकवर्ग दुभंगलेला दिसतो, तो प्रामुख्याने या थांब्यामुळे. एका पक्षाला जे लिहिले आहे त्याचे मोल वाटते. दुसऱ्या पक्षाचे लक्ष जे लिहिलेले नाही त्याकडे असते. या दुभंगाचे स्पष्टीकरण सामान्यतः लेखकाविषयीच्या प्रेमाने किंवा रोषाने दिले जाते. ते पुरेसे नाही. मतभेदाचे मूळ आत्मवृत्त या प्रकाराकडून केलेल्या दोन वेगळ्या अपेक्षांमध्ये आहे आणि या अपेक्षांना स्वतःचा इतिहास आहे.

१

नाना फडणीस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि चौदाव्या वर्षी फडणिशी त्यांच्याकडे आली. पानिपतच्या मोहिमेत ते सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेस गेले. काशीयात्रेच्या हेतूने आई व पत्नीही बरोबर होत्या. १४ जानेवारी १७६१ च्या संहारातून ते वाचले, पत्नीही वाचली. आई मात्र त्या धामधुमीत कायमची अंतरली. आत्मवृत्ताचा घटनात्मक गाभा एवढाच आहे. परंतु त्याची सुरुवात घटनांनी होत नाही. देह, जीव आणि ईश्वर यांविषयीच्या वेदान्तपर विवेचनाने ती होते. पुढे बालपणातील देवपूजेची ओढ येते आणि तितक्याच मोकळेपणाने तारुण्यातील कामवासनेची कबुलीही येते. ही कबुली फुशारकीची नाही. पापाची जाणीव आणि पश्चात्ताप यांच्या चौकटीत ती बसवलेली आहे.

म्हणजे या छोट्या मजकुरात दोन परंपरा शेजारी नांदतात. पूर्वार्ध संतांच्या आत्मनिवेदनाच्या वळणाचा आहे. बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग किंवा तुकोबांचे स्वतःच्या संसाराविषयीचे अभंग ज्या श्रोत्याला परिचित होते, त्याला हा सूर अनोळखी वाटला नसता. उत्तरार्ध मात्र प्रत्यक्षदर्शी वृत्तान्ताचा आहे. त्याचे नाते बखर, कैफियत आणि पत्रव्यवहार यांच्याशी जुळते. वाचकांची फाळणी नेमकी या सांध्यावर झालेली आहे.

ग्रँट डफ यांच्यानंतर साताऱ्यास रेसिडेंट म्हणून आलेले जॉन ब्रिग्ज यांनी या आत्मवृत्ताचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीतर्फे प्रसिद्ध केले. कॅप्टन मॅकडोनल्ड यांचे नानांवरील इंग्रजी चरित्र १८५१ मध्ये मुंबईस निघाले, आणि मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांचे मराठी चरित्र १८९२ मध्ये. इतिहासकाराच्या दृष्टीने आत्मवृत्ताचे मोल उघडच उत्तरार्धात असते. पानिपतविषयी बोलणारा साक्षीदार, तोही छावणीच्या आतला आणि पुढे राज्याचा कारभारी झालेला, ही सामग्री दुर्मीळ आहे. अशा वाचनात वेदान्त ही प्रस्तावना ठरते, कामवासनेची कबुली अवांतर ठरते, आणि १७६१ नंतरचे मौन ही मोठी हानी ठरते. नारायणरावांचा खून (१७७३), बारभाईंचे कारस्थान, सालबाईचा तह (१७८२), खर्ड्याची लढाई आणि सवाई माधवरावांचा मृत्यू (दोन्ही १७९५) यांपैकी कशावरही नाना या मजकुरात बोलत नाहीत. ज्याला सर्वांत अधिक ठाऊक होते त्याने काहीच सांगितले नाही, अशी ही खंत आहे. तिचे संशयात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही.

वाङ्मयीन वाचकाचा कल उलटा असतो. त्याला पूर्वार्ध मोलाचा वाटतो, कारण अठराव्या शतकातील मराठी गद्यात ‘मी’ स्वतःच्या दुर्बलतेसह क्वचितच अवतरतो. गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’नंतर तर राजकारणी पुरुषाने आपले स्खलन स्वतः सांगणे हा सार्वजनिक सद्गुण मानला जाऊ लागला. त्या संस्कारात वाढलेला वाचक नानांच्या कबुलीत आधुनिक प्रामाणिकपणा शोधतो. हेही वाचन पूर्णपणे निर्दोष नाही. नानांची कबुली देवापुढची आहे, लोकांपुढची नाही. लोकमताच्या न्यायासनासमोर तिला उभे करणे म्हणजे तिचा श्रोता बदलणे होय.

या संदर्भात मेणवली दफ्तराचे महत्त्व लक्षात घ्यावे लागते. नानांच्या हाताखालून गेलेल्या राज्यकारभाराच्या कागदांचा प्रचंड संग्रह मेणवलीस होता. तो पुढे साताऱ्याच्या दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या हाती आला आणि अभ्यासकांना उपलब्ध झाला. राज्याविषयी इतके कागद जपणारा मनुष्य स्वतःविषयी इतका थोडा मजकूर लिहितो, यातून लपवण्याचा हेतू आपोआप सिद्ध होत नाही. अधिक संभाव्य अर्थ असा, की त्याच्या लेखी कारभाराचे स्थान दफ्तरात होते आणि जीवाचे स्थान आत्मनिवेदनात. ‘आत्म’ या शब्दाच्या कक्षेत राज्यकारभार येतच नव्हता. आजचा वाचक ज्या जागेला मौन म्हणतो, ती लेखकाच्या वाङ्मयप्रकारात मुळात रिकामी जागाच नव्हती.

२

‘कृष्णाकाठ’च्या बाबतीत ही सबब उपलब्ध नाही. विसाव्या शतकातील राजकीय आत्मचरित्र हा प्रकार कारभाराचा हिशेब देण्याचे वचन गर्भित धरूनच वाचला जातो. १९८४ मध्ये हे पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाजवळ लेखकाच्या चरित्राचा पुढचा भाग आधीच होता. द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद (१९५६), महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्रिपद (१९६०), चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस प्रयाण (१९६२), आणीबाणीच्या काळातील केंद्रीय मंत्रिपद, १९७९ मधील अल्पजीवी उपपंतप्रधानपद आणि त्यानंतर इंदिरा गांधींच्या पक्षात परतणे, हे सर्व वाचकाला ठाऊक होते. १९५५-५६ च्या धामधुमीत फलटण येथे नेहरूंना महाराष्ट्राहून मोठे मानणारे जे विधान चव्हाणांनी केले, तेही कोणी विसरले नव्हते. अशा वाचकासमोर पुस्तक ठेवते ते देवराष्ट्र्याचे आजोळ, प्लेगमध्ये गेलेले बेलिफ वडील, निरक्षर पण धीराची आई, कराडचे टिळक हायस्कूल, १९३२ ची शिक्षा आणि तुरुंगातील वाचन.

या ग्रंथाचे आस्थेने स्वागत करणाऱ्या वाचकाने त्यात एका सामान्य शेतकरी कुटुंबातील मुलाच्या मनाची घडण पाहिली. पुस्तकाची शैली या वाचनास पोषक आहे. आत्मगौरव टाळणारी, विरोधकाविषयी कटू शब्द न वापरणारी, थांबून आठवणारी अशी ही शैली आहे. विशेषतः कुटुंबातील वैचारिक ताण, म्हणजे एका भावाचा सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीकडे असलेला ओढा आणि लेखकाची राष्ट्रीय चळवळीकडे झालेली वाटचाल, पश्चिम महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा एक तुकडाच उलगडून दाखवतो.

असमाधानी वाचकांचे मात्र दोन गट पडतात आणि त्यांना एकत्र मोजणे चूक ठरेल. पहिल्याची तक्रार पुस्तक जेथे थांबते त्याविषयी आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा हिशेब त्याला हवा आहे. दुसऱ्याची तक्रार पुस्तकात जे आहे त्याच्या प्रमाणाविषयी आहे. हा दुसरा वाचक नीरेच्या दक्षिणेस अधिक आढळणे स्वाभाविक आहे. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कराड, पाटण, तासगाव, वडूज व इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर निघालेले मोर्चे, वडूज व इस्लामपूरचे गोळीबार आणि त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील प्रभृतींनी उभारलेले प्रतिसरकार, ही या भागातील घराघरांची स्मृती आहे. चव्हाण भूमिगत चळवळीच्या पहिल्या पर्वात अग्रभागी होते आणि १९४३ मध्ये पकडले गेले. प्रतिसरकारची मुख्य कामगिरी १९४३ ते १९४६ या काळातील आहे. साहजिकच एका व्यक्तीच्या आठवणींतून दिसणारे बेचाळीस आणि गावाने जपलेले बेचाळीस यांचे आकार जुळत नाहीत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जे संयत वाटते, ते कुंडल किंवा वाळव्याच्या वाचकाला अपुरे वाटू शकते. हा फरक साक्षीदारांच्या स्थानांचा आहे. लेखकाच्या खरेखोटेपणाचा निवाडा त्यातून होत नाही.

३

हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली ‘अपेक्षाक्षितिजा’ची कल्पना येथे काही प्रमाणात उपयोगी पडते. वाचक कोऱ्या मनाने पुस्तकापाशी येत नाही. प्रकाराविषयीच्या पूर्वानुभवाने त्याची अपेक्षा ठरलेली असते. परंतु राजकीय आत्मवृत्ताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. वाचक केवळ प्रकाराची अपेक्षा घेऊन येत नाही, तर न लिहिलेला पुढचा खंडही बरोबर घेऊन येतो. छापील पुस्तक तो या अलिखित खंडाशी ताडून पाहतो. जुळले नाही की लेखकाने काही दडवले असा निष्कर्ष काढतो.

समीक्षेचे काम येथे सुरू होते. थांबा, मौन आणि लपवणूक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबा ही कथनाची मर्यादा असते. ती योजनेने, मृत्यूने किंवा वाङ्मयप्रकाराने ठरते. चव्हाणांचा पुढील खंड लिहिण्याचा संकल्प होता. पत्नी वेणूताई १९८३ मध्ये निवर्तल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचेही निधन झाले. संयुक्त महाराष्ट्राविषयी ‘कृष्णाकाठ’ बोलत नाही, हा थांबा आहे. त्याला लपवणूक म्हणण्यास ग्रंथात आधार नाही. मौन म्हणजे कथनाच्या कक्षेतील गोष्ट वगळणे. बेचाळीसच्या सहकाऱ्यांना मिळालेली जागा थोडी आहे काय, हा प्रश्न मौनाचा आहे आणि तो विचारण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. लपवणूक त्याही पलीकडची. ती सिद्ध करण्यासाठी ग्रंथाबाहेरचा पुरावा लागतो आणि लेखकाला ते ठाऊक होते हेही दाखवावे लागते.

हा भेद पाळला तर थांबलेले कथनही पुढच्या काळाविषयी काही सांगते, असे दिसते. ‘कृष्णाकाठ’मध्ये मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षण आणि दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांच्यापासून झालेली फारकत यांना महत्त्वाचे स्थान आहे. बौद्धिक आकर्षण एका बाजूला आणि बहुजनांची संघटना दुसऱ्या बाजूला असता लेखकाने संघटनेची बाजू घेतली. १९५६ मध्ये त्यांनी असेच का केले याचे उत्तर येथे मिळत नाही. पण निर्णय घेण्याची एक रीत येथे दिसते. पानिपतातून आईला गमावून परतलेल्या एकोणीस वर्षांच्या नानांच्या मजकुरातील भय, अविश्वास आणि विरक्ती यांविषयीही असेच म्हणता येईल. मात्र त्यातून पुढील कारस्थानी मुत्सद्दी थेट सिद्ध करू पाहणे हे वाचन नव्हे. ती पश्चात्बुद्धी होय.

पश्चात्बुद्धीचा जोर किती असतो, हे १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वरून झालेल्या वादात दिसले. नाटक आत्मवृत्तावर आधारलेले नाही. तरी वाद नानांच्या मुत्सद्देगिरीचा की कामुकतेचा, या दोन टोकांवर लढला गेला. स्वतःची वासना स्वतः लिहून ठेवणारा नाना दोन्ही पक्षांना अडचणीचाच होता. निंदकांना तो अडचणीचा, कारण त्याने आरोपापूर्वीच कबुली दिलेली आहे. भक्तांना तो अडचणीचा, कारण ती कबुली त्याचीच आहे.

मेणवलीच्या घाटावरून वाहणारी कृष्णा पुढे कराडास कोयनेला मिळते. त्या संगमावर चव्हाणांची समाधी आहे. दोन्ही ठिकाणी येणाऱ्याला दोन थोर पुरुषांचे कर्तृत्व माहीत असते. त्यांनी स्वतःविषयी लिहिलेली पाने त्यामानाने थोड्यांनी वाचलेली असतात. आत्मवृत्ताकडून न्यायालयातील जबानी मागणारा वाचक आणि केवळ भावपूर्ण आठवण मागणारा वाचक, दोघेही या पानांना अपुरे ठरवतात. जे लिहिले त्याची कसून तपासणी करणे आणि जे लिहिले नाही त्याचे नेमके नाव ठरवणे, या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वाचकाने पेलल्या तरच हा दुभंग अभ्यासाच्या उपयोगी पडेल. अन्यथा प्रत्येक नव्या राजकीय आत्मचरित्राबरोबर जुनाच खटला नव्या आरोपीवर चालत राहील.