लूचे आणि लूमे : गॅलिलिओच्या भाषेतला उजेड

गॅलिलिओने काय शोधले हे आपण वर्गात सांगतो. ते त्याने कोणत्या भाषेत मांडले, हे सहसा सांगत नाही. दुर्बिणीतल्या निरीक्षणांवरचे त्याचे १६१० मधले पुस्तक लॅटिनमध्ये होते, कारण युरोपातील विद्वानांची भाषा ती होती. मात्र सूर्यावरील डागांविषयीची पत्रे (१६१३) आणि १६३२ व १६३८ मधले संवादरूपी ग्रंथ त्याने इटालियनमध्ये लिहिले. विद्यापीठात न गेलेल्या माणसालाही निसर्गाने डोळे आणि बुद्धी दिली आहे, तेव्हा त्यालाही वाचता यावे, अशी त्याची भूमिका होती. त्यामुळे प्रकाशाविषयी लिहिताना त्याने वापरलेले बरेचसे शब्द साध्या बोलीतले आहेत. ते मराठीत आणताना आधी उच्चाराचा आणि मग अर्थाचा प्रश्न येतो.

उच्चार अवघड वाटतात ते आपण इंग्रजीच्या वळणाने जातो म्हणून. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. म्हणून 'व्होल्टा' नव्हे, 'वोल्ता'. 'सी' या अक्षरापुढे 'ए' किंवा 'इ' हा स्वर आला की त्याचा 'च' होतो, आणि तो 'चिमणी'तला च. प्रकाश या अर्थाचा शब्द म्हणूनच 'लूचे'. आपल्या 'चोर'मधला च देखील इटालियनमध्ये आहे : अपवर्तन म्हणजे 'रिफ्रात्सिओने', त्यातला 'त्स' तोच. 'सी'पुढे 'एच' आला तर मात्र 'क' होतो. चित्रकलेतल्या छायाप्रकाशाचे नाव 'चिआरोस्कुरो' नसून 'क्यारोस्कूरो' आहे. 'क्यारो' म्हणजे उजळ, 'स्कूरो' म्हणजे काळोखा. जोडाक्षर दुहेरी उच्चारायचे : किरण म्हणजे 'राज्जो', त्यातला ज्ज 'सज्जन'मधला. देवनागरीत हे सगळे जवळपास जसेच्या तसे लिहिता येते.

अर्थाचे काम अधिक नाजूक आहे. इटालियनमध्ये 'लूचे' आहे आणि 'लूमे'ही आहे. दोन्हींची मुळे लॅटिन. मध्ययुगीन प्रकाशशास्त्रात पहिल्याच्या मूळ शब्दाने तेजस्वी वस्तूतला प्रकाश दाखवत, दुसऱ्याच्या मूळ शब्दाने तिच्यापासून पसरणारा. बोलीत 'लूमे' म्हणजे उजेड, आणि दिवासुद्धा. दोन्हींसाठी 'प्रकाश' एवढाच शब्द वापरला, तर भेद पुसला जातो.

१६३८ च्या ग्रंथातला प्रसिद्ध प्रयोग पाहा. दोन माणसांनी रात्री एकेक लूमे घेऊन समोरासमोर उभे राहायचे. पहिल्याने आपला उघडला की तो दिसताक्षणी दुसऱ्याने आपला उघडायचा. आधी जवळून सराव करायचा, मग दूर जायचे, आणि उत्तर येण्यास उशीर होतो का ते पाहायचे. येथे 'प्रकाश उघडला' हे मराठी नव्हे. 'दिवा उघडला' हे मराठी. 'गावातले दिवे गेले' म्हणताना आपणही एकाच शब्दात वस्तू आणि उजेड दोन्ही सांगतो.

एका मैलापेक्षा कमी अंतरावर हा प्रयोग केला तेव्हा निर्णय लागला नाही, असे संवादातले पात्र सांगते. वेग अफाट असावा एवढेच म्हणता आले. का, हे आज सहज काढता येते. दीड किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा सुमारे एक लाखावा भाग लागतो. माणसाचा हात हलायला सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. १८४९ मध्ये फ्रान्समध्ये फिझोने उघडझापीचे काम फिरत्या दातेरी चाकाकडे दिले, समोरच्या माणसाच्या जागी आरसा ठेवला, आणि सुमारे साडेआठ किलोमीटर अंतरावर वेग मोजला. मूळ कल्पना मात्र दिवा झाकण्या-उघडण्याचीच.

दुसरे उदाहरण चंद्राचे. कोरीच्या आत चंद्राचा उरलेला भाग फिकट दिसतो. पृथ्वीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाने तो उजळतो, हे गॅलिलिओने १६१० मध्येच मांडले होते. १६४० मध्ये लिचेती या विद्वानाने वेगळे मत छापले. बोलोन्याजवळचा एक दगड भाजून उन्हात ठेवला की नंतर अंधारात चमकतो. चंद्रही तसाच, असे त्याचे म्हणणे. तोवर पूर्ण अंध झालेल्या गॅलिलिओने उत्तरादाखल दीर्घ पत्र सांगून लिहवून घेतले. त्यात या फिकटपणाला त्याने 'कान्दोरे' म्हटले, म्हणजे शुभ्रता. हा शब्द फक्त काय दिसते ते सांगतो; तो उजेड कोणाचा, हे वादासाठी मोकळे ठेवतो. भाषांतरकाराने येथे 'चंद्राचा प्रकाश' लिहिले, तर वाद सुरू होण्याआधीच कौल लिचेतीच्या बाजूने गेला! आजच्या इटालियनमध्ये याला 'लूचे चिनेरेआ' म्हणतात. 'चेनेरे' म्हणजे राख. राखाडी उजेड हे त्याचे नेमके मराठी.

अमावास्येनंतर द्वितीया-तृतीयेला सूर्य मावळल्यावर विद्यार्थ्यांना पश्चिमेकडे पाहायला सांगावे. कोरीच्या आतल्या भागाला ते कोणता शब्द वापरतात, ते फळ्यावर लिहून घ्यावे : उजेड, झाक, प्रभा, अंधुक. मग एकच प्रश्न विचारावा, यातला कोणता शब्द फक्त दिसलेले सांगतो आणि कोणता कारणही गृहीत धरतो? चंद्र जसजसा वाढतो तसतसा हा राखाडी उजेड कमी का होतो, हे त्यानंतर त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे. चंद्रावर उभे राहून पृथ्वीकडे पाहायची कल्पना केली, की उत्तर सापडते.