स्क्रीन नक्की कोणाची? वेबचं पान फोनमध्ये मावायला कसं शिकलं

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम करा. ज्या फोनवर हे ऐकताय किंवा वाचताय, तो आडवा धरा. ऑटो-रोटेट बंद असेल तर चालू करा. ओळी लांब झाल्या ना? एकही शब्द कापला गेला नाही. आता परत उभा धरा. ओळी पुन्हा आखूड.

यात काय एवढं, असं वाटेल. पण एवढ्याशा गोष्टीसाठी जवळपास वीस वर्षं गेली. आणि गंमत म्हणजे वेब जन्माला आलं तेव्हा हे त्याला येत होतं. मधल्या काळात आपण इंजिनियर आणि डिझायनर लोकांनीच ते बिघडवलं. कसं, ते आज बघू.

आधी आजीची गोष्ट

मागच्या दिवाळीत मी गावी गेले होते. माझ्या आजीकडे आता स्वतःचा स्मार्टफोन आहे. डोळ्यांमुळे तिने फोनमधलं अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलंय. बिलं भरायचं एक ॲप मीच तिला कौतुकाने टाकून दिलं होतं. कौतुक यासाठी की माझ्या पहिल्या नोकरीत त्या ॲपच्या काही स्क्रीन मी स्वतः लिहिल्या होत्या.

मी विचारलं, "काय आजी, बिल भरतेस ना त्यावरून?" तर म्हणाली, "नाही गं, मला नाही जमत ते. मी रिक्षाने जाते आणि रांगेत भरून येते."

मी फोन हातात घेतला. बिलाची रक्कम आली, पुढच्या पानावर गेले, आणि तिथे 'पुष्टी करा' हे बटणच नाही. म्हणजे होतं, पण स्क्रीनच्या खाली. अक्षरं मोठी झाल्यामुळे वरचा मजकूर फुगला आणि बटण खाली ढकललं गेलं. पान वर सरकवावं तर सरकत नव्हतं, कारण 'एवढं तर एका स्क्रीनवर बसतंच' असं गृहीत धरून ते पान कोणीतरी न सरकणारं बनवलं होतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

चूक माझी, आणि कित्येक महिने आजी समजत होती की चूक तिची आहे. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

वेबला सुरुवातीला रुंदी नव्हती

चला १९९१ मध्ये. टिम बर्नर्स-ली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत होते. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ, आणि प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा. बर्नर्स-लींचा पहिला ब्राउझर नेक्स्ट नावाच्या मशीनवर चालायचा. ते महागडं मशीन सगळ्यांकडे कुठून असणार? म्हणून लगेच दुसरा, अगदी साधा ब्राउझर तयार झाला. तो नुसती अक्षरं दाखवणाऱ्या टर्मिनलवरही चालायचा.

आता विचार करा. एकच पान, एकीकडे ग्राफिक्सवाल्या मशीनवर दिसणार आणि दुसरीकडे काळ्या-पांढऱ्या टर्मिनलवर. मग त्या पानात 'हा मजकूर इतका रुंद' असं लिहून चालेलच कसं? म्हणून एचटीएमएलमध्ये फक्त अर्थ सांगितला जायचा: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही लिंक. ते कसं दाखवायचं हे ज्याचं मशीन त्याने ठरवायचं. ते पहिलं पान आजही सर्नच्या साइटवर आहे. लॅपटॉपवर उघडा आणि खिडकी लहान-मोठी करा. ओळी आपोआप मोडतात.

१९९४ मधल्या दोन कल्पना

१० ऑक्टोबर १९९४ ला, सर्नमध्येच काम करणाऱ्या होकून वियुम ली या नॉर्वेजियन इंजिनियरने एक प्रस्ताव मांडला. आज ज्याला आपण सीएसएस म्हणतो, त्याची ही पहिली कच्ची आवृत्ती. त्यातल्या दोन गोष्टी वाचून मी अक्षरशः थक्क झाले.

पहिली: नियमाला अट घालता यावी. उदाहरणार्थ, स्क्रीनची उंची ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर एक स्टाइल, नाहीतर दुसरी. म्हणजे फोनवर इंटरनेट यायच्या कितीतरी आधी कोणीतरी लिहून ठेवलं होतं की स्क्रीन बघून पान बदलायला हवं.

दुसरी मला अजून महत्त्वाची वाटते. पान लिहिणाऱ्याचं किती टक्के ऐकायचं आणि वाचणाऱ्याचं किती टक्के, हेही सांगता यावं. लेखक म्हणतो अक्षर एवढं, वाचक म्हणतो मला मोठं हवं, आणि दोघांमध्ये तडजोड होते. बघा, माझ्या आजीचा प्रश्न १९९४ मध्येच कागदावर होता.

डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती आली. त्यात स्क्रीनची अट नव्हती. टक्क्यांची वाटणीही नव्हती.

'बेस्ट व्ह्यूड इन ८०० बाय ६००'

मग काय झालं? वेबवर कंपन्या आल्या, जाहिराती आल्या, आणि छापील मासिकं करणारे डिझायनर आले. कागदाची रुंदी ठरलेली असते, तशी त्यांना पानाचीही ठरलेली हवी होती. मग तक्ते काढायचे टेबल टॅग वापरून पानाचे खण पाडायला सुरुवात झाली. मधे जागा सोडायची तर एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून घालायचं. पान ६४० पिक्सेल रुंद, मग ८००, मग १०२४. खाली पाटी: 'बेस्ट व्ह्यूड इन ८०० बाय ६००'. म्हणजे पाहुणा दारात उभा, आणि आपण सांगतोय की आमच्या दाराच्या मापाचे होऊन या.

आपल्याकडे तर पाटीत आणखी एक ओळ असायची: 'फॉन्ट डाउनलोड करा'. खरं तर देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच आहे. पण बऱ्याच मराठी साइट आपापले फॉन्ट वापरायच्या. मी लहान असताना सायबर कॅफेत मराठी बातम्या उघडल्या की फॉन्ट नसल्यामुळे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसायचा.

सगळेच या वाटेने गेले असं नाही. एप्रिल २००० मध्ये जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन डेव्हलपरने 'अ दाओ ऑफ वेब डिझाइन' नावाचा लेख लिहिला. त्याचा मुद्दा सरळ होता: पानावर पूर्ण ताबा असणं ही छापील कागदाची मर्यादा आहे, तिला गुण समजून वेबवर लादू नका. लेख गाजला, पण पानं रुंदच राहिली.

फोन आले आणि सगळं फसलं

फोनवर इंटरनेट आलं ते आधी वॅपच्या रूपात. त्यासाठी वेगळी भाषा, वेगळी पानं. एकेका पानाचे पत्त्यांसारखे तुकडे, म्हणून त्यांना नावही 'कार्ड' आणि 'डेक'. पुढे कंपन्यांनी 'एम डॉट' ने सुरू होणाऱ्या वेगळ्या मोबाइल साइट काढल्या. एकाच दुकानाला दोन दारं, आणि मागच्या दारात निम्मा माल.

भारतात तो काळ अनेकांनी काढला ऑपेरा मिनीवर. याची युक्ती भारी होती. पान तुमच्या फोनवर उघडायचंच नाही. कंपनीचा सर्व्हर ते उघडणार, दाबून छोटं करणार आणि फोनला पाठवणार. साध्या जावा फोनवरही चालायचं आणि डेटाही कमी लागायचा. त्यात एक दडलेलं सेटिंग होतं. पत्त्याच्या जागी 'कॉन्फिग' टाकून उघडायचं आणि अवघड लिपींसाठी 'बिटमॅप फॉन्ट' चालू करायचा. मग ज्या फोनला देवनागरी येतच नाही, त्यावरही मराठी दिसायचं, कारण सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून पाठवायचा. चौकोनांच्या जागी 'ळ' दिसल्यावरचा आनंद ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल!

२००७ मध्ये आयफोन आला. स्क्रीन ३२० पिक्सेल रुंद, आणि जगातली पानं हजाराच्या घरात. ॲपलने काय केलं? फोन चक्क खोटं बोलायला लागला. तो पानाला सांगायचा की माझी रुंदी ९८० पिक्सेल आहे. पान त्या मापात मांडलं जायचं आणि मग बारीक करून दाखवलं जायचं. वाचायचं तर दोनदा टॅप करून मोठं करा. यामुळे टिकटिकीत चालणारी साइट बिघडली नाही, पण जे पान खरोखर लवचीक होतं तेही मुंगीएवढं दिसायला लागलं. म्हणून ॲपलने 'व्ह्यूपोर्ट' नावाचा एक टॅग आणला. त्याचा अर्थ एवढाच: बाबा रे, माझ्याशी खोटं बोलू नकोस, खरी रुंदी सांग. आज जवळजवळ प्रत्येक वेब पानाच्या डोक्यावर ती ओळ असते.

२५ मे २०१०

या दिवशी ईथन मार्कोट या अमेरिकन डिझायनरने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला, त्याच 'अ लिस्ट अपार्ट' मध्ये जिथे ऑलसॉपचा लेख आला होता. नाव त्याने वास्तुकलेतून उचललं, माणसं आत आल्यावर बदलणाऱ्या खोल्यांच्या कल्पनेवरून.

त्याची रेसिपी तीन गोष्टींची. एक, रुंदी पिक्सेलमध्ये नाही, प्रमाणात द्या. ९६० च्या पानात ३०० चा रकाना असेल तर ३०० भागिले ९६०, म्हणजे ३१.२५ टक्के. पान आक्रसलं की रकानाही आक्रसतो. दोन, चित्राला सांगा की तुझ्या खणाच्या बाहेर जायचं नाही. तीन, मीडिया क्वेरी. म्हणजे स्क्रीन अमुकपेक्षा अरुंद असेल तर दोन रकाने एकाखाली एक लावा.

ही तिसरी गोष्ट ओळखीची वाटते ना? तीच १९९४ मधली अट. मीडिया क्वेरींना अधिकृत मान्यता मिळाली जून २०१२ मध्ये. अठरा वर्षांनी!

मधल्या काळात, २०११ मध्ये, 'बॉस्टन ग्लोब' या मोठ्या वर्तमानपत्राने अख्खी साइट या पद्धतीने केली आणि हे फक्त छोट्या ब्लॉगपुरतं नाही हे सिद्ध झालं. एप्रिल २०१५ मध्ये गूगलने जाहीर केल्याप्रमाणे फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलच्या शोधात वरचं स्थान द्यायला सुरुवात केली. मग काय, ज्यांना तत्त्व पटलं नव्हतं त्यांना धंदा पटला.

मग माझं कुठे चुकलं?

ॲपच्या जगात हाच प्रश्न अँड्रॉइडने २००९ च्या सुमाराला सोडवायला घेतला. त्यात दोन मापं आहेत. 'डीपी' हे स्क्रीनच्या दाटपणाप्रमाणे बदलतं. इंचाला १६० ठिपके असतील तर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल, ४८० असतील तर तीन. त्यामुळे बटण सगळ्या फोनवर बोटाला सारखंच लागतं. दुसरं 'एसपी', खास अक्षरांसाठी. ते दाटपणा तर बघतंच, शिवाय फोनच्या मालकाने अक्षर किती मोठं ठेवलंय तेही बघतं.

मी अक्षरं एसपीमध्ये दिली होती. बरोबर. पण खणांची उंची डीपीमध्ये ठोकून दिली होती. आजीने अक्षर वाढवलं, खण वाढले नाहीत. त्यात देवनागरी. इंग्रजी 'कन्फर्म' ओळीत गुपचूप बसतो. आपल्या 'पुष्टी' मध्ये खाली उकार, वर वेलांटी. तिला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. आम्ही तपासणी केली नव्हती असं नाही. लहान, मोठे, महाग, स्वस्त असे बरेच फोन तपासले होते. पण सगळे इंग्रजीत आणि मूळ अक्षर-आकारावर. आम्ही फोन बदलून पाहिले, माणूस बदलून पाहिला नाही.

ही चूक अख्ख्या क्षेत्राची आहे. २०१७ मध्ये जिओफोन आला, स्क्रीन २.४ इंच, २४० बाय ३२०. सगळे मोठ्या स्क्रीनच्या नादात असताना लाखो लोकांच्या हातात पुन्हा छोटी स्क्रीन आली. २०१९ मध्ये घडीचे फोन आले. २०२२-२३ मध्ये ब्राउझरमध्ये कंटेनर क्वेरी आल्या. आता पानाचा एखादा तुकडा स्क्रीन न बघता, आपल्याला किती जागा मिळाली ते बघून बदलतो. तंत्र पुढे जातच राहणार.

पण मला जास्त आनंद आहे तो ली यांच्या दुसऱ्या कल्पनेचा. आता पान स्क्रीनबरोबर माणसालाही विचारू शकतं. डार्क मोड हवाय का? हालचाल कमी हवीय का? आयफोनमध्ये अक्षर वाढवायची सोय आहे, आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये दुप्पट आकारापर्यंत. टक्क्यांची ती वाटणी वेगळ्या रूपात परत येतेय. फक्त आपण कोड लिहिणाऱ्यांनी ती ऐकायला हवी.

आजीच्या ॲपचं म्हणाल तर जुन्या टीममधल्या मित्राला मी स्क्रीनशॉट पाठवला. दुरुस्ती फार तर चार ओळींची. दोन अपडेटनंतर बटण दिसायला लागलं. आजी मात्र अजून रिक्षाने रांगेत जाते. म्हणते, "तिथला मुलगा ओळखीचा झालाय. दिसलं नाही तर वाचून दाखवतो." तिला ॲपवर परत आणायला वेळ लागेल, आणि तो मला काढावा लागेल.

तर आजचा गृहपाठ. फोनच्या सेटिंगमध्ये जा, अक्षर सगळ्यात मोठं करा, भाषा मराठी करा, आणि रोजची तीन ॲप उघडून बघा. कुठे बटण हरवतंय ते स्क्रीनशॉटसह त्या कंपनीला कळवा. आणि तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल, तर तुमचंच ॲप आधी उघडा.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!