दम गेला म्हणून डाव गेला?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण हरलेल्या माणसाच्या तोंडावर फेकतो. एखादा नामांकित मल्ल किंवा मुष्टियोद्धा अनपेक्षितपणे हरला आणि मागाहून म्हणाला, 'त्या दिवशी खांदा दुखत होता', 'अंगात ताप होता', की आपण गालात हसतो. पण काही वेळा अंगण खरोखरच वाकडे असते. ते वाकडे होते की नाही, आणि असलेच तर किती, हे तपासता येते का, ते आज आपण पाहू या.

मुष्टियुद्धातले गाजलेले उदाहरण सोनी लिस्टनचे. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीचला जगज्जेता लिस्टन आणि बावीस वर्षांचा कॅशियस क्ले समोरासमोर आले. हाच क्ले पुढे मुहम्मद अली झाला. पैजा लिस्टनवर सातास एक या भावाने लागल्या होत्या. सहा फेऱ्या झाल्या आणि सातव्या फेरीच्या घंटेला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. डावा खांदा निकामी झाला, असे त्याने सांगितले. लोकांना ते नाटक वाटले, चौकशीही झाली. पण डॉक्टरांनी तपासले तेव्हा दुखापत खरी निघाली. मग पराभवाचे कारण खांदा होता का? तेवढ्यावर हो म्हणता येत नाही. त्याच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली होती, क्ले त्याच्या ठोशांच्या टप्प्यात येत नव्हता आणि सहा फेऱ्यांअखेर पंचांच्या गुणपत्रिकांवर दोघे बरोबरीत होते. पुढच्या वर्षी, मे १९६५ मध्ये, खांद्याची तक्रार नसताना तोच लिस्टन पहिल्याच फेरीत आडवा झाला. खांद्यामुळे तो उठला नाही, हे मान्य करू. पण सहा फेऱ्यांत तो क्लेला नमवू का शकला नाही, याचे उत्तर खांद्यात नाही.

दुसरे उदाहरण खुद्द अलीचे. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास वेगासला लॅरी होम्सने त्याला असे झोडपले की दहाव्या फेरीनंतर अलीच्याच कोपऱ्यातून लढत थांबवण्यात आली. ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या होण्याआधी अली हरला, असे त्याच्या कारकिर्दीत एवढे एकदाच घडले. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. वजन उतरवण्यासाठी त्याने थायरॉईडच्या गोळ्या घेतल्या होत्या. अशा गोळ्यांनी नाडी वाढते, स्नायू झिजतात, घाम आणि दमणूक वाढते. शिवाय त्याच वर्षी जुलैमध्ये मेयो क्लिनिकमध्ये झालेल्या तपासणीत, बोट नाकाच्या शेंड्याला लावण्याच्या साध्या चाचणीत तो किंचित चुकत असल्याची नोंद झाली होती. तरीही परवाना मिळाला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचे निदान झाले. इथे प्रकृतीचे कारण हरल्यावर शोधलेले नाही, ते लढतीआधीच कागदावर होते. पण समोरचा होम्स ऐन भरातला जगज्जेता होता, हेही विसरून चालणार नाही.

या दोन उदाहरणांतून तीन प्रश्न हाती लागतात. शरीराची तक्रार लढतीआधी किंवा लढतीच्या वेळी होती का? हार ज्या रीतीने झाली, ती त्या तक्रारीशी जुळते का? आणि तक्रार नसती तर निकाल बदलला असता का? हेच तीन प्रश्न आता घरच्या एका पराभवाला लावून पाहू.

विठ्ठलवाडीच्या एसटी आगारातून घाटावर जाणाऱ्या गाडीत कुस्तीचा विषय निघाला, तर कऱ्हाडकडचा एखादा काका हमखास म्हणेल, "आमच्या खाशाबांना त्या रशियनाशी लगोलग लढवलं हो, दम खायलाही उसंत दिली नाही. नाहीतर सोनंच होतं!" कामधंद्यासाठी सातारा-कोल्हापूरकडून कल्याण परिसरात आलेल्या घरांमध्ये ही हकीकत नातवंडांपर्यंत पोचलेली असते. ती कितपत खरी आहे?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. वडील मल्ल, घरात कुस्तीचे वातावरण. ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या पोराला मॅटच्या कुस्तीची सवय नव्हती, हे लक्षात घेतले तर सहावा क्रमांक लहान नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. इशी मूळचा ज्यूदोतला. युद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता. ही कुस्ती लांबली आणि इशी जिंकला. त्यानंतर खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा मॅटवर गेले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२.

आता पहिला प्रश्न. दमछाक त्या वेळी होती का? होती. पंधरा मिनिटांच्या कुस्तीत सर्वांत आधी मनगट आणि दंड जातात, पकड सैल पडते. स्नायूंत साठलेला शीण निघायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. विश्रांतीचा नियम लाडासाठी केलेला नव्हता, तो शरीराच्या या हिशेबावर उभा होता. दुसरा प्रश्न, हार त्या दमछाकीशी जुळते का? मामेदबेयोव्हपुरते उत्तर होकारार्थी आहे. ढाकेसारख्या डावाला पकड आणि झटका दोन्ही लागतात, आणि दमलेल्या मल्लाकडून नेमक्या याच दोन गोष्टी आधी जातात.

तिसऱ्या प्रश्नाशी मात्र आपल्याला थांबावे लागते. इशीशी खाशाबा हरले, ते या सक्तीच्या कुस्तीच्या आधी. अर्धा तास मिळाला असता आणि त्यांनी मामेदबेयोव्हला लोळवले असते, असे धरले तरी इशी त्यांच्या पुढेच राहिला असता. म्हणजे दमछाकीने हिरावले असेल तर ते रौप्य. 'नाहीतर सोनंच होतं' हे काकांचे वाक्य प्रेमापोटी आलेले आहे, हिशेबातून नाही. आणि हे म्हटल्याने खाशाबांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांचे. त्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले, ते लिअँडर पेसचे.

पण रौप्याचा हा हिशेब केल्यावर दिसते की 'दमछाक' हा शब्दही अपुरा आहे. प्रत्येक मल्ल दमतो. इशी दमला असेल, मामेदबेयोव्ह दमला असेल. फरक एवढाच की दमलेल्या माणसाला नियमाने दिलेला अर्धा तास मागून घेणारे कोणी खाशाबांच्या बाजूला उभे नव्हते. हरलेल्या माणसाच्या शरीरात कारण शोधले की ही रिकामी जागा नजरेआड होते. घर गहाण ठेवणारा प्राचार्य कोल्हापुरात होता, वर्गणी काढणारे गाव गोळेश्वरला होते, पण ज्यांनी मॅटच्या कडेला असायचे ते तिथे नव्हते.

शरीराने खाशाबांना खरा दगा दिला तो नंतर. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे ते १९५६ च्या मेलबर्नला जाऊ शकले नाहीत. त्या दुखापतीने एखादी कुस्ती हरवली नाही, आखी संधीच नेली. त्याच सुमारास ते पोलीस दलात रुजू झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाली. तिच्या बाजूने क्रीडा लवादाकडे दाद मागितली गेली. ती फेटाळली गेली, पण ऐकली तर गेली. त्याच पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवले आणि खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पडले.

म्हणून एखादा विजेता अनपेक्षित हरला की त्याच्या खांद्याची, नाडीची, दमाची चौकशी जरूर करावी. तो सांगतो ते हसण्यावारी नेऊ नये, पण सगळे पदरीही घेऊ नये. आणि ती चौकशी झाली की आणखी एक प्रश्न विचारावा. त्या वेळी त्याच्या बाजूला कोण होते? हेलसिंकीच्या बाबतीत याचे उत्तर 'कोणीच नाही' असे आहे. खाशाबांच्या पदकाचा अभिमान बाळगताना एवढे उत्तरही आपण लक्षात ठेवलेले बरे.