वेजचा तळ

गोल्फमधला नवखा खेळाडू वेज, म्हणजे चेंडू जवळच्या अंतरावर उंच उचलणारा क्लब, हातात घेतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष क्लबच्या तोंडाकडे असतं. मी शिकवताना क्लब उलटा करून आधी तळ दाखवतो. तिथे मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली उतरलेली दिसते. ह्या उताराला बाउन्स म्हणतात आणि वेजच्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध मी त्यालाच मानतो.

पूर्वी बंकरमधून, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू काढायला निब्लिक नावाचा लोखंडी क्लब असे. त्याची पातळ कड नांगराच्या फाळासारखी वाळूत शिरे आणि तिथेच रुते. चेंडू बाहेर आलाच, तरी तो कुठे थांबेल याचा नेम नसे. मग खोलगट तोंडाचा एक जड वेज निघाला. १९३०च्या ब्रिटिश ओपनमध्ये, हॉयलेकला, बॉबी जोन्सने तो वापरलाही. पण एकाच फटक्यात तो चेंडूला दोनदा लागतो असा आक्षेप आला आणि १९३१मध्ये त्यावर बंदी आली. ती योग्यच होती.

त्याच सुमारास जीन साराझेन हा खेळाडू वाळूत क्लब रुतण्याच्या अडचणीशी झगडत होता. न्यूयॉर्कजवळ वाढलेला, इटालियन सुताराचा हा मुलगा. वीस वर्षांचा असताना, १९२२मध्ये, त्याने यूएस ओपन जिंकली होती. पण बंकर त्याला छळत. वैमानिक हॉवर्ड ह्यूजबरोबर विमानात असताना, विमान वर चढताना त्याची शेपटी खाली जाते हे त्याने पाहिलं, असं तो स्वतः सांगे. क्लबचा तळही तसाच मागून खाली उतरावा म्हणून फ्लोरिडातल्या न्यू पोर्ट रिची इथे त्याने निब्लिकच्या तळाला, मागच्या बाजूने, डाखाचा थर चढवला. कानशीने घासायचं, वाळूत मारून बघायचं, पुन्हा डाख, पुन्हा कानस. शेवटी तळ असा जमला की क्लब चेंडूच्या मागे वाळूत उतरे, पण रुतत नसे; सरकत पुढे जाई आणि उडालेल्या वाळूबरोबर चेंडू वर येई. आता वाळू किती घ्यायची हे खेळाडूच्या हातात आलं, म्हणजेच अंतर हातात आलं.

हाच क्लब घेऊन १९३२मध्ये इंग्लंडमधल्या प्रिन्सेस मैदानावर साराझेनने २८३ फटक्यांत ब्रिटिश ओपन जिंकली. तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच वर्षी यूएस ओपनही त्याचीच झाली.

पुढचं मोठं काम डेव्ह पेल्झचं. नासात काम केलेला हा भौतिकशास्त्रज्ञ व्यावसायिकांचे फटके मोजत बसला. वेजच्या फटक्यात दिशेपेक्षा अंतरच जास्त चुकतं, हे त्याला दिसलं. त्याच्या सल्ल्याने टॉम काइट ह्या व्यावसायिकाने तोंडाचा कल ६० अंशांचा असलेला वेज बॅगेत घेतला. १९८१मध्ये अमेरिकन दौऱ्यावर सर्वाधिक बक्षिसं काइटने मिळवली. मात्र पेल्झची मला अधिक मोलाची वाटणारी देणगी घड्याळाची आहे. खेळाडूभोवती घड्याळ आहे असं मानून डावा हात मागे साडेसात, नऊ किंवा साडेदहाच्या खुणेपर्यंत न्यायचा आणि पुढचा स्विंग दरवेळी पूर्ण करायचा. ताकद कमी-जास्त करायची नाही. एका वेजची अशी तीन अंतरं होतात, चार वेजची बारा.

माझ्याकडे येणारे बरेचजण चौथा वेज कोणता घ्यावा हे आधी विचारतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: हातात आहे त्या वेजची तीन अंतरं आधी मोजा, वहीत लिहा, आणि मगच दुकानात जा.