माइक वॉलेस आणि ‘नाइट बीट’

माइक वॉलेस (1918–2012) : अमेरिकी मुलाखतकार. त्यांचा ‘नाइट बीट’ हा कार्यक्रम 1956 मध्ये न्यूयॉर्कच्या स्थानिक वाहिनीवर रात्री उशिरा, थेट प्रक्षेपित होऊ लागला. मागे काळोख, पाहुण्याच्या तोंडावर प्रखर दिवा, वॉलेस यांच्या बोटांत सिगारेट आणि आडपडदा न ठेवता विचारलेला प्रश्न. तोवर दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती बहुधा गोडगोड गप्पांच्याच असत. मे 1957 मध्ये एबीसी वाहिनीवरील त्यांच्या थेट मुलाखतीत गुंड मिकी कोहेन याने लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखावर वाट्टेल ते आरोप केले. वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली. वॉलेस यांच्यावर उद्धटपणाचा ठपका बसला. तो मला अन्यायाचा वाटतो. त्यांच्या बोचऱ्या प्रश्नांमागे पाहुण्याविषयी कसून केलेला अभ्यास असे.
— संपादक